ओठांपुरतं पाणी

मुनियप्पन घाट, पायथा
१२ जानेवारी

अप्पा,

नमस्कार करते. खरा नमस्कार वाकून करायचा, पण त्याला पाय समोर लागतात, आणि आपल्यामध्ये सध्या चौपदरी रस्ता आहे. तेव्हा कागदावरूनच.

रस्त्याच्या या बाजूला सगळं ठीक आहे. त्या बाजूला तुम्ही कसे आहात हे हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसतं तेवढंच मला कळतं. खोकला गेलेला नाही. स्वेटर घालता, पण कान उघडे ठेवता. मारगळी महिन्याचं दव कानातून शिरतं असं अम्मा दर वर्षी ओरडायची. आता ओरडणारं कुणी नाही म्हणून तुम्ही कानटोपी पेटीत टाकलेली दिसते. दुकानाच्या पत्र्याला कोपऱ्यात भोक पडलंय, तेही इथून दिसतं. आमचा सुतार पाठवला तर तुम्ही त्याला चहा पाजून परत लावून द्याल, म्हणून पाठवत नाही.

हे पत्र सगायमेरी सिस्टर आणून देईल. तुम्ही माझ्याशी गेल्या आडी महिन्यापासून, सहा महिने होत आले, एक शब्द बोललेला नाहीत, पण माझ्या नर्सला आल्याचा चहा देता, आणि वर विचारता, "तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई जेवतात का वेळेवर?" तुम्हाला वाटतं ती मला सांगत नाही. ती सगळं सांगते, तुमच्या आवाजाची नक्कल करून सांगते.

तर ऐका. जेवते. वेळेवर नाही.

परवा पोंगल. त्याच दिवशी आपलं हॉस्पिटल सुरू झालं होतं. 'आपलं' लिहिलं, खोडावंसं वाटलं, मग तसंच ठेवलं. जागा तुमची आहे. चिंचेचं एकही झाड तोडायचं नाही ही अटही तुमची, आणि तिच्यापायी इमारत अशी वाकडीतिकडी झाली आहे की नवा डॉक्टर आला की पहिले दोन दिवस एक्स-रेची खोली शोधत फिरतो. फाटकावरची पाटीसुद्धा तुमचीच. मी कोइंबतूरहून दोन पानं मजकूर लिहून आणला होता: गोरगरिबांसाठी, अपघातग्रस्तांसाठी, ना नफा तत्त्वावर, वगैरे. तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "कण्णू बाळ, ज्याचा पाय तुटलाय तो हे वाचेपर्यंत मरेल. लिही, आधी टाके, मग बाकी." रंगाऱ्याने तेवढंच लिहिलं. आजही लॉरीवाले घाटातून उतरताना ती पाटी मोठ्याने वाचतात आणि हॉर्न देतात.

लोकांना वाटतं हे हॉस्पिटल माझ्या शिक्षणातून उभं राहिलं. मला ठाऊक आहे कशातून राहिलं ते. मी शाळेत असताना ब्रेक निकामी झालेली लॉरी वळणावर उलटली की तुम्ही दुकान उघडं टाकून धावायचात, जखमीला भाजीच्या टेम्पोत घालून सेलमला न्यायचात, आणि तिथे दारात विचारायचे, "याचं कोण? पैसे कोण भरणार?" तुम्ही म्हणायचात, "मी कुणी नाही, माझ्या दुकानासमोर पडला एवढंच." अशा दारात तुमच्या मांडीवर माणसं गेली. घरी येऊन तुम्ही जेवायचा नाहीत. अम्मा ताट झाकून ठेवायची आणि मला म्हणायची, "जा, अप्पांच्या शेजारी बस, बोलू नको." त्या तुमच्या शेजारी गप्प बसण्यातून मी हाडांची डॉक्टर झाले; पोट उघडायला या घाटाने शिकवलं.

मग लॉरी मालकांच्या संघाने रुग्णवाहिकेसाठी गाडी दिली, खाणवाल्याने दगड दिला, पाळयम गावच्या बायकांनी पायाची माती वाहिली. छप्पर चढायच्या आधीच पहिला पेशंट आला होता, आठवतं? सुताराच्या बाकावर निजवून त्याच्या मांडीचं रक्त थांबवलं आणि तुम्ही कंदील धरल्यासारखी छत्री धरून उभे होता. तो माणूस अजून दिवाळीला मुरुक्कू पाठवतो.

या आठवड्यात बरीच गर्दी आहे. सणाला गावी जाणारे, झोप अनावर झालेले, दारू प्यालेले, आणि काही कुणाच्याही अध्यातमध्यात नसलेले. ओमलूरचे एक मास्तर आले होते, मोपेडवाले. त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.

अप्पा, तुमच्या गोटी सोड्याबद्दल लिहायचं आहे. हसू नका. तुम्हाला अख्खा रस्ता सोडा अप्पा म्हणून ओळखतो. कुणी चक्कर येऊन पडलं, कुणी गाडीखाली आलं, की आपल्याकडे पहिली आरोळी उठते, "सोडा आणा, सोडा!" आणि तुम्ही क्रेट घेऊन निघता. अर्धा तोंडावर मारायचा, अर्धा पाजायचा. हे मी लहानपणापासून पाहिलंय. डॉक्टर होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला पाटी करून दिली: जखमीला काहीही पाजू नये. तुम्ही ती दुकानात लावलीत, तोंड भिंतीकडे करून. मी विचारलं तर म्हणालात, "लावलीय की. भिंतीला वाचू दे." त्या दिवशी मी हसले होते. तेव्हा आपल्याला हसणं परवडत होतं.

मी तुम्हाला कारणही सांगितलं होतं. पोटात काही असलं आणि भूल द्यावी लागली, किंवा शुद्ध हरपत चालली, की ते उलटून छातीत जातं. आणि ज्याच्या अंगातून रक्त जातं त्यालाच सगळ्यात जास्त तहान लागते. जो पाणी-पाणी करतो, त्यालाच द्यायचं नसतं. तुम्ही म्हणालात, "दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, पोरी. मरणाऱ्याला तर शत्रूही देतो. तुझ्या त्या पुस्तकाला आई नाही काय?"

आता त्याच्या पुढचं लिहायला पाहिजे. इतकी पानं मी इकडचं तिकडचं लिहीत बसले ते तेच टाळायला.

अम्मा डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. माझ्यासाठी आप्पे आणि चिंचेची आमटी. गाडी कुणाची होती ते अजून कळलं नाही, आणि कळून मला काही करायचंही नाही. तुम्हीच तिला उचलून आणलंत. ती शुद्धीवर होती. मला पाहून म्हणाली, "डबा सांडला गं." मग म्हणाली, "पाणी दे." पोट फुगत होतं, नाडी धाग्यासारखी लागत होती, आत प्लीहा फुटलेली होती. तुम्ही कुठून तरी पाण्याचा पेला आणलात. मी तुमचा हात धरला. तुमचा हात मी त्यापूर्वी कधी असा धरला नव्हता. मी म्हटलं, "अप्पा, नाही. आधी ऑपरेशन." ती म्हणाली, "माझीच पोर पाणी देत नाही बघा." हसत म्हणाली की रागाने, ते मला अजून ठरवता येत नाही. मी ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवला. ओठांपुरतं पाणी. ती तो बोळा चोखायला बघत होती.

टेबलावरून ती उठली नाही.

मातीच्या आधी तुम्ही तिच्या तोंडात दूध घातलंत. ते आत गेलं नाही, गालावरून कानात ओघळलं. तुम्ही ते पुसलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे पाहिलेलं नाही. घरातून अंथरूण उचलून दुकानात राहायला गेलात. पाळयमची सगळी माणसं तेव्हापासून वाट बघताहेत की मी रस्ता ओलांडून येईन, तुमचे पाय धरीन आणि म्हणेन, अप्पा, चुकले.

मी ते म्हणणार नाही. मी चुकले नाही, अप्पा. तीच नाडी, तेच पोट उद्या समोर आलं तर मी पुन्हा तेच करीन. आपण बरोबर असलो म्हणजे थोडं तरी हलकं वाटेल, असं मला वाटत होतं. तसं काही होत नाही. ऑपरेशनहून बाहेर येते, पेशंट वाचलेला असतो, नातेवाईक पाया पडतात, आणि मला ज्याला सांगायचं तो माणूस समोर चहा गाळत असतो आणि इकडे मान वळवत नाही. इतकी माणसं भोवती असताना मी इतकी एकटी कधी नव्हते.

परवा हॉस्पिटलच्या अंगणात पोंगल शिजवणार आहोत. भांडं उतू जाताना ओरडायला घरातलं मोठं माणूस लागतं. सगायमेरी म्हणते ती ओरडेल, पण तिचा आवाज तुम्हाला माहीतच आहे, पेशंट उठून पळतील. या. नाही आलात तर निदान कानटोपी घाला.

तुमची,
पूंगोडी


मुनियप्पन घाट, पायथा
२१ फेब्रुवारी

अप्पा,

नमस्कार.

पत्र वाचून तुम्ही काय म्हणालात ते पोचलं. "एवढं लिहायला हिला वेळ मिळतो म्हणजे हॉस्पिटल चालत नसणार." सगायमेरीने तुमच्यासारखी भुवई उडवून सांगितलं. मी हसले, मग खोलीत जाऊन रडले, मग पुन्हा पेशंट बघायला गेले. तुम्ही पत्र फाडलं नाहीत, घडी घालून बनियनच्या खिशात ठेवलंत, हेही तिने सांगितलं.

पोंगलला आला नाहीत. ऊस पाठवलात. कुणासाठी ते सांगितलं नव्हतंत, मी आपला माझ्यासाठीच आहे असं धरून खाल्ला. दाढ दुखली. भांड्यापाशी शेवटी आमचे भूल देणारे डॉक्टर हनीफा ओरडले, आणि बरे ओरडले.

आज लिहितेय त्याला कारण आहे. काल सकाळी वळणावर कार उलटली तेव्हा मी खिडकीत होते. तुम्ही क्रेट घेऊन धावताना दिसलात. या वयात, तो गुडघा घेऊन. मी इथून ओरडले. मध्ये लॉऱ्यांची रांग होती, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कालच्या माणसांना सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, त्यांनी सोडा पिऊन तुम्हाला आशीर्वाद दिले. पण मी ठरवलं, आता सांगायचं.

पहिल्या पत्रात ओमलूरच्या मास्तरांचं नाव काढून मी पुढे सरकले होते. मादेश मास्तर. सहावीला गणित शिकवायचे. मोपेडवरून सासुरवाडीला निघाले होते, पोट भरून जेवून. वळणावर घसरले. तुम्हाला आठवत असतील, तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतंत. त्यांची मांडी मोडली होती आणि डोक्याला मार लागून ग्लानी होती. तेवढंच. अप्पा, हाडाची डॉक्टर म्हणून सांगते, मांडी मोडून माझ्याकडे आलेली माणसं चालत घरी जातात. ग्लानीही दोन दिवसांत उतरली असती.

त्यांना सोडा पाजलेला होता. आमच्या गाडीत ते उताणे असताना उलटी झाली, आणि जेवण आणि सोडा सगळं छातीत गेलं. इथे आले तेव्हा ओठ निळे होते. हनीफा डॉक्टरांनी छातीतून ते काढताना फेस येत होता. श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, सगळं केलं. ते गेले.

तो सोडा तुमच्या हातचा होता.

मी हे तुम्हाला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आधीच तुमचं काय कमी झालंय. शिवाय सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ही अम्माचा वाद जिंकायला बघतेय. खरं सांगू, पहिल्या दिवशी मला तसंच वाटलंही. वाटलं, जावं पलीकडे आणि म्हणावं, बघा. मग त्यांच्या बायकोला भेटले आणि तो विचार तिथेच टाकला.

कोकिळा तिचं नाव. तिला मी सांगितलं की उलटी छातीत गेली, अपघातात पाजू नये ते पाजलं गेलं. कुणी पाजलं हे तिने विचारलं नाही. निघताना पदर सावरून म्हणाली, "डॉक्टर अम्मा, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन कुणी तरी म्हातारे बसले होते म्हणे. वारा घालत होते. रस्त्यावर कुणी नसतं हो आपल्या माणसाजवळ. ते होते. त्यांना माझा नमस्कार सांगाल?"

मी हो म्हटलं. सांगायला मला सहा आठवडे लागले. आता पोचवला.

तिचा नमस्कारही खरा आहे आणि सोडाही खरा आहे. यातलं एक घ्या आणि दुसरं टाका असं मी म्हणत नाही, मलाही ते जमलेलं नाही. तुम्ही धावता म्हणून या घाटात माणसं वाचतात. तुमच्या आधी कुणीही पोचत नाही, आमची गाडीसुद्धा नाही. लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. मी गावोगाव सभा घेतल्या, चित्रं दाखवली, बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन म्हणतात, "ती? तिने तर सख्ख्या आईला पाणी दिलं नाही." तुम्ही एकदा बाटली खाली ठेवलीत की सगळा घाट ठेवील.

म्हणून मागते आहे. माझ्याशी बोलू नका हवं तर. जन्मभर बोलू नका. पण डोकं मांडीवर घेतलंत की ते हलू देऊ नका, दोन्ही हातांनी धरून ठेवा, आणि माणूस काहीही मागो, तोंडात काही घालू नका.

उत्तराची वाट पाहत नाही असं लिहिणार होते. खोटं ठरेल.

तुमची,
पूंगोडी


मुनियप्पन घाट, पायथा
३० एप्रिल

अप्पा,

कालपासून हे पत्र मनात लिहून होतंय, कागदावर येत नव्हतं. नमस्कार-बिमस्कार आज राहू दे.

दुसरं पत्र मिळाल्यावर तुम्ही दुकान बंद केलंत, तेव्हा माझा धीर सुटला होता. फळी लावलेली, बाहेरचं बाक उलटं. सगायमेरी हाका मारून आली, तुम्ही आतून "जा" एवढंच म्हणालात. मला वाटलं, हे मी काय केलं. एक माणूस गेला तो गेला, आता दुसऱ्यालाही मी कागदावर लिहून मारते आहे. कुणाला विचारणार? असं काही झालं की मी ज्यांना विचारायची ते फळीच्या आत बसलेले. मग फळी निघाली. चहा सुरू झाला. सोड्याचे क्रेट मात्र मागच्या भिंतीला लावलेले दिसले. तुम्ही काही कळवलं नाहीत.

आणि मग काल दुपारी ती हरियाणाची लॉरी.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं तुमच्याकडच्या गिऱ्हाइकांकडून, थोडं आमच्या गाडीवरच्या माणसांकडून. ड्रायव्हर स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये चेपला होता. पत्रा कापेपर्यंत तुम्ही चढून त्याच्या मागे बसलात, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलंत आणि धरूनच ठेवलंत. चित्तिरै महिन्याचं ऊन, तापलेला पत्रा, तुमच्या कोपरांना फोड आले आहेत म्हणतात. तो पाणी मागत होता. त्याची भाषा तुम्हाला येत नाही, पण मागणं कळायला भाषा लागत नाही. आधी मागत होता, मग विनवत होता, मग शिव्या देत होता. खालून कुणी तरी तुमच्याच दुकानातून सोडा आणला, गोटी आत ढकलल्याचा आवाज झाला, आणि तुम्ही म्हणे असे गरजलात की माणूस दोन पावलं मागे सरला. "बाटली वर आली तर हात मोडीन! माझा सोडा आहे, मीच सांगतोय, नको!" गर्दीतली एक बाई म्हणाली, "अगोबाई, म्हाताराही लेकीच्या वळणावर गेला." तुम्ही खांद्यावरचा पंचा कुणाकडून तरी भिजवून घेतलात आणि त्याच्या ओठांना लावलात. तेवढंच.

मग तुम्ही त्याच्याबरोबर गाडीत बसून इकडे आलात. आडीपासून पहिल्यांदा रस्ता ओलांडलात. मी दारात तुम्हाला पाहिलं. तुमचे हात अजून त्याच्या कानांवर होते, सोडवून घ्यावे लागले. त्या वेळी मला तुमच्याकडे नीट बघायलाही फुरसत नव्हती. मी फक्त विचारलं, "काही पाजलं?" तुम्ही मान हलवलीत, नाही.

मी आणि हनीफा डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. छातीच्या आतली मोठी शीर फाटली होती. तो गेला.

मी बाहेर आले तर तुम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, बाक रिकामं असून. माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं. तुम्ही विचारलंत, "दिलं असतं तर?"

नऊ महिन्यांनी तुम्ही माझ्याशी बोललात आणि ते हे. मी तोंड उघडलं तेवढ्यात आतून हाक आली, त्याच्याबरोबर आणलेला त्याचा क्लीनर कोसळला होता, त्याचं पोट उघडायचं होतं. मी आत गेले. जायलाच हवं होतं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. बाहेर आले तेव्हा तुम्ही निघून गेला होता. क्लीनर वाचला आहे. सकाळी इडली मागत होता.

तर आता उत्तर देते.

दिलं असतं तर काही झालं नसतं, अप्पा. ती शीर अशी होती की तो आमच्या टेबलावरच पडला असता तरी गेला असता. घोटभर पाणी पिऊन गेला असता, एवढंच. तुम्हाला खोटं सांगून निभावणार नाही, तुम्ही माझा चेहरा वाचता. आणि हे सांगितलं की दुसरंही सांगावं लागतं. अम्मालाही दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पोट उघडल्यावर मी पाहिलं, प्लीहा एकटीच फुटली नव्हती, यकृताच्या मागची शीरही गेली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, हनीफा डॉक्टर शेजारी उभे होते म्हणून त्यांना माहीत. मला वाटायचं, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही म्हणाल, मग का नाही दिलंस?

पण हे आपल्याला नंतर कळलं. पत्र्यात बसून त्याचं डोकं धरलं होतंत तेव्हा तुम्हाला त्याच्या छातीत काय फाटलंय ते दिसत होतं का? तुम्हाला एवढंच दिसत होतं की माणूस बोलतोय, म्हणजे जगेल कदाचित. त्या कदाचितच्या पायी तुम्ही त्याच्या शिव्या खाल्ल्यात. माझ्याजवळही त्या दिवशी तेवढंच होतं. मला अम्मा हवी होती, अप्पा. पाणी पाजून पाठवायला नव्हे, ठेवून घ्यायला हवी होती.

काल परत जाऊन तुम्ही जेवला नाहीत. सगायमेरीने सांगितलं, आणि तिने नसतं सांगितलं तरी मला माहीत होतं. ते तोंड, ते ओठ, तो पंचा चोखायला बघणारा माणूस आता तुमच्या डोळ्यांसमोरून हलणार नाही. मी तुम्हाला ते जाईल असं सांगणार नाही. ते कसं असतं ते या घाटात फक्त मला ठाऊक होतं. आता तुम्हाला आहे. मला याचा आनंद व्हायला नको, आणि होतही नाही. पण काल पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या शेजारी कुणी तरी आहे.

तुम्ही चुकला नाहीत. इतके महिने हे वाक्य मला कुणी तरी म्हणावं म्हणून मी खिडकीत उभी राहत होते. मला कुणी म्हटलं नाही, त्यामुळे ते ऐकायला न मिळणं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. तुम्हाला मी एक दिवसही तसं ठेवणार नाही. तुम्ही चुकला नाहीत, अप्पा. पुन्हा तशीच लॉरी उलटली तर तुम्ही पुन्हा तेच करा.

आज पत्र सगायमेरीकडे देत नाही. अम्मा गेल्यापासून तो रस्ता मीही ओलांडलेला नाही. तुम्हाला राग होता. मला त्या जागेवर पाय ठेवायची भीती होती, आणि मी त्या भीतीला स्वाभिमानाचं नाव देऊन बसले होते. हनीफा डॉक्टरांना तासाभरासाठी वॉर्ड सांभाळायला सांगितलं आहे. हे मी स्वतः आणून तुमच्या हातात देणार आहे, आणि तुम्ही वाचेपर्यंत काही बोलणार नाही.

अप्पा, वाचून झालं असेल तर आता मान वर करा.

तुमची,
पूंगोडी